एल्डर नावाचे जुळे

आई अमेरिकेत आली त्याचा चौथा दिवस. बाहेर घोटाभर बर्फ. बेल वाजली म्हणून तिने दार उघडलं, तर समोर दोन पोरगे उभे. पांढरे शर्ट, टाय, वर जाड कोट आणि छातीवर काळी पाटी. मला वाटलं, ही आता घाबरून हाक मारणार. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलेली बाई ती. तिने दोघांना नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

"एल्डर अमुक," पहिला म्हणाला.

"एल्डर तमुक," दुसरा म्हणाला.

आई माझ्याकडे वळली. "दोघांचंही नाव एल्डर? जुळे तर दिसत नाहीत रे."

मी समजावलं की हे नाव नव्हे, पद आहे. एल्डर म्हणजे वडीलधारा. तिने पुन्हा एकदा निरखून पाहिलं. एकाच्या गालावर मुरुमं होती आणि दुसऱ्याच्या ओठांवर मिसरूड फुटायचं की नाही याचा निर्णय व्हायचा होता. "वडीलधारे!" एवढंच म्हणून तिने त्यांना आत घेतलं, बूट काढायला लावले आणि चहाचं आधण ठेवलं.

इथे मला मध्ये पडावं लागलं. आम्ही राहतो ते लीहाय हे गाव यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला अर्ध्या तासावर. गावाला नाव मॉर्मन ग्रंथातल्या एका संदेष्ट्याचं आणि हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना सॉफ्टवेअर कंपन्या. देहूला खेटून तळवड्याचं आयटी पार्क आहे ना, तसंच. या मंडळींच्या चर्चचं खरं नाव एका श्वासात म्हणता येत नाही इतकं लांब आहे. जग त्यांना मॉर्मन म्हणतं आणि ते त्यांना फारसं आवडत नाही. त्यांना दारू चालत नाही, तंबाखू चालत नाही, कॉफी चालत नाही आणि चहासुद्धा चालत नाही. १८३३ साली त्यांच्या संदेष्ट्याला तसा साक्षात्कार झाला. दारू-तंबाखूचं ऐकून आईची मान पसंतीने डोलत होती, ती चहापाशी येऊन थांबली.

"चहाने कोणाचं काय बिघडलंय?"

मला उत्तर नव्हतं. पोरांनाही नसावं. शेवटी तिनेच पळवाट काढली. मिरजेहून येताना तिने वाळवलेल्या गवती चहाची जुडी आणली होती. त्यात आलं, गूळ आणि दोन तुळशीची पानं. चहाची पूड शून्य. पोरांनी आपसात विचारविनिमय केला, पाल्याच्या काढ्याला शास्त्राची हरकत नाही असा निवाडा झाला आणि दोघांनी दोन-दोन कप रिचवले. जाताना त्यांनी विचारलं, तुमच्या घरी काही कामात मदत हवी का? हे ते सगळ्यांनाच विचारतात आणि लोक सगळेच 'नाही, नाही' म्हणतात. आईला ही पद्धत ठाऊक नव्हती. तिने त्यांना तळघरातून तांदळाची पोती वर आणायला लावली.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले तेव्हा मी कामावर होतो. घरात आई आणि माझी बायको. तर पोरं उंबऱ्याच्या आत यायला तयार नाहीत. घरात पुरुषमाणूस नसताना आत जायचं नाही, असा त्यांचा नियम. मग त्यांनी बाहेरच्या बाहेर आमचा सगळा ड्राइव्ह-वे फावड्याने साफ केला, बाहेरच्या पायरीवर बसून काढा प्यायला आणि निघून गेले. धर्माबद्दल चकार शब्द काढायला त्यांना वाव मिळाला नाही, कारण तेवढा वेळ आई त्यांना मराठी आकडे शिकवत होती. कोण कोणाला बाटवतंय, हे त्या फेब्रुवारीत नक्की सांगणं अवघड होतं.

त्यांच्याकडून तिने बरीच माहिती काढली. मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी धर्मप्रसाराला, त्यांच्या भाषेत 'मिशन'वर, बाहेर पडतात. मुली जातात त्या दीड वर्षासाठी. दोघा-दोघांची जोडी, आणि जोडीदार सोडून कुठेही जायचं नाही. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. पगार तर नाहीच, उलट तेव्हा महिन्याला ४०० डॉलर घरच्यांनी किंवा स्वतःच्या साठवणीतून भरायचे.

"म्हणजे राबायचं आपण आणि पैसेही आपणच द्यायचे?"

"इंजिनिअरिंगच्या डोनेशनसारखं समज," मी म्हणालो. तिला लगेच समजलं.

आईला सगळ्यात लागलं ते फोनचं. तेव्हाचा नियम असा की या पोरांनी वर्षातून दोनदाच घरी फोन करायचा, नाताळला आणि मे महिन्यातल्या मातृदिनाला. बाकी आठवड्याला एक ईमेल. (हा नियम पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत सैल झाला आणि पोरांना दर आठवड्याला घरी बोलता येऊ लागलं. आईला मी ते कळवलं तेव्हा ती म्हणाली, "शहाणपण सुचलं." जणू तिच्याच अर्जाचा निकाल लागला होता.)

आमच्या शेजाऱ्यांचा थोरला मुलगा तेव्हा असाच बाहेर होता. या शेजाऱ्यांना मी मनातल्या मनात बुवा म्हणतो. सहा मुलं, एक व्हॅन, दोन फ्रीज आणि उंच सुरात बोलायची सवय. बुवांनी स्वतःची दोन वर्षं फिलिपिन्समध्ये, कागायान दे ओरो या भागात काढली. तीस वर्षांमागची गोष्ट, पण अजून सेबुआनो भाषा फाडफाड बोलतात. ती बोलायला लीहायमध्ये दुसरं कोणी नाही, त्यामुळे कुत्र्याशी बोलतात. त्यांच्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात 'मी मिशनवर होतो तेव्हा' अशी होते. ते वाक्य ऐकलं की त्यांची मुलं एकेक करून जिना चढून वर जातात.

बुवांची हुकमी गोष्ट म्हणजे बलुत. बदकाचं अंडं, पण आत अर्धवट वाढलेलं पिल्लू, आणि ते उकडून खायचं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा बुवांनी एका म्हातारीच्या घरी आग्रहाखातर एक अंडं खाल्लं होतं. पहिल्या नाताळपर्यंत तीन झाली. आईला त्यांनी गोष्ट सांगितली तेव्हा आकडा सहावर गेला होता आणि म्हातारी गावची पुढारी झाली होती. आई कट्टर शाकाहारी असल्यामुळे मी भाषांतर करताना पिल्लू वगळलं. ती म्हणाली, "सहा अंडी खाल्ल्याचं एवढं काय कौतुक?"

बुवांच्या बायकोचं मिशन पेरूमध्ये. तिच्या गोष्टीत गिनिपिग आहे. जेवणाच्या टेबलावर हे नवराबायको एकमेकांवर कुरघोडी करायला लागले की पाहुण्याने ताटाकडे बघू नये. एकदा रंगात येऊन बुवा म्हणाले, "ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर दोन वर्षं." बायकोने नुसता काटा खाली ठेवला. "लग्नाच्या आधीची," बुवांनी पुरवणी जोडली.

हसण्यासारखं आहे खरं, पण मी हसू नये. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी माणसाकडे अशीच एक गोष्ट असते. दोन सूटकेसा, कस्टमवाल्याने बाहेर काढलेला प्रेशर कुकर आणि खिशातले मोजके डॉलर. मी डेट्रॉइटला जानेवारीत चपला घालून उतरलो होतो. सुरुवातीला माझ्या गोष्टीत बर्फ भुरभुरत असे. आता वादळ असतं. माझी मुलगीसुद्धा जिना चढून वर जाते.

बुवांच्या मुलाला कुठे पाठवणार, ते कळलं त्या दिवशी आम्हाला बोलावणं होतं. हे आदल्या वर्षीचं. चर्चच्या मुख्यालयातून जाडजूड पांढरं पाकीट टपालाने येई आणि ते सगळ्या गणगोतासमोर फोडायचं. भिंतीवर जगाचा नकाशा. प्रत्येकाने आपला अंदाज म्हणून एकेक टाचणी टोचायची. आजीने टोचली मादागास्करला, मावशीने फिनलंडला, बुवांनी डोळे मिटून फिलिपिन्सला. मी भिडेखातर मुंबईवर टोचली. तीस-पस्तीस माणसं श्वास रोखून उभी. पोराने पाकीट फाडलं, वाचलं, तो थांबला, आवंढा गिळला आणि म्हणाला, "बॉइसी, आयडाहो."

आयडाहो म्हणजे शेजारचं राज्य. बटाट्यांसाठी प्रसिद्ध. बॉइसी आमच्या दारातून मोटारीने पाच तासांवर. क्षणभर जी शांतता पसरली, तशी मी दहावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या वाड्यात पाहिली होती. मग आजीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी देवाची इच्छा म्हणून जल्लोष केला. आईला मी हे फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, "तेहतीस वर्षं बदलीच्या ऑर्डरी पाहिल्या मी. जत मागितलं की शिराळा, शिराळा मागितलं की जत. त्या पोराला म्हणावं, घराजवळ मिळालंय, गप राहा."

पण जवळ असून उपयोग काय? भेटायला जायचं नाही. पोराच्या आईने मार्च महिन्यापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मातृदिनापर्यंतचे दिवस खोडायला सुरुवात केली होती. माझ्या आईने ते पाहिलं आणि त्या दिवसापासून या दोघींचं भाषेवाचून जमलं.

त्यातूनच आम्हाला कॉन्फरन्सचं आमंत्रण आलं. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी यांची जगभरची महासभा भरते. २०१८ ची एप्रिलची सभा ३१ मार्च आणि १ एप्रिलला होती, आणि त्यातला रविवार ईस्टरचा. सभागृह सॉल्ट लेकला, २१,००० आसनांचं. व्यासपीठावरचा पोडियम एका माजी अध्यक्षांच्या अंगणातल्या अक्रोडाच्या लाकडाचा. बाकीचे लोक घरी टीव्हीसमोर. सकाळी दहाला बसायचं दोन तास, दुपारी दोनला पुन्हा दोन तास, असं दोन दिवस. एकामागून एक प्रवचनं. मध्ये गायनमंडळ गातं, तेही चांगलं साडेतीनशे माणसांचं.

आता सहा मुलांच्या घरात (एक आयडाहोत, म्हणजे पाच) दोन दिवस प्रवचन ऐकवायचं कसं? हा प्रश्न मला नवा नाही. आमच्या आजोळी कृष्णाकाठी हरिनाम सप्ताह असे. आठ वर्षांच्या पोराला रात्री अकरापर्यंत कीर्तनात बसवायचं, तर आजीकडे दोन उपाय होते: चिमटा आणि शेवटच्या दिवशीचा काला. आम्हा पोरांचा स्वतःचा तिसरा उपाय होता. कीर्तनकार 'बरं का मंडळी' किती वेळा म्हणतात ते बोटांवर मोजायचं. ज्याचा आकडा बरोबर, त्याला बाकीच्यांच्या चिंचा. एका रात्री एकशे बारा झाले. तुकोबांचा कोणता अभंग निरूपणाला होता, ते मला आज आठवत नाही. एकशे बारा आठवतात.

बुवांच्या घरी पोहोचलो तर दिवाणखान्यात तंबू. चादरी, खुर्च्या, उशा आणि दोरीला कपड्यांचे चिमटे. तंबूचं दार टीव्हीकडे. मला वाटलं मुलांचा खेळ असेल, पण त्याला ग्रंथाचा आधार निघाला. मॉर्मन ग्रंथात कोणी बेंजामिन राजा आहे. त्याचं भाषण ऐकायला लोक आले तेव्हा प्रत्येक कुटुंबाने तंबू ठोकला आणि दार मंदिराच्या दिशेला ठेवलं. यांच्याकडे मंदिराच्या जागी पंचावन्न इंची टीव्ही. मुलं पायजम्यात. सकाळी दहा वाजता, धर्मसभेला, आणि पायजम्यात! आई कडक इस्त्रीची नारायणपेठ नेसून आली होती. आम्ही तिघं ताठ बसलो आणि यजमान लोळले.

टेबलावर दालचिनीचे रोल, एकेक पोळीच्या डब्याएवढा. पहाटेपासून घरात त्याचा वास. मुलांना विचारलं, कॉन्फरन्स म्हणजे काय, तर पाचांपैकी चौघं रोल म्हणतील आणि पाचवं तोंड भरल्यामुळे बोलणार नाही. बाजूला हिरवी जेली, आणि जेलीत किसलेलं गाजर. हसू नका, या राज्याच्या सिनेटने २००१ साली जेलीला राज्याचा आवडता खाऊ ठरवलंय. आईने चमचाभर जेली घेतली, ती थरथरली, आईने ती परत ठेवली. सभेला रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून तिने पातेलंभर शिरा केला होता, केळं घालून, प्रसादाचा करतात तसा. तो पहिल्या प्रवचनाआधीच संपला.

आणि मग माझा एकशे बाराचा आकडा मला पुन्हा भेटला. टीव्हीसमोर सहा वाडगे मांडले होते. प्रत्येकावर एकेक शब्द लिहिलेला: श्रद्धा, मंदिर, कुटुंब, प्रार्थना असे. वक्त्याने तो शब्द उच्चारला की त्या वाडग्यातली एक गोळी उचलायची. शिवाय लाल टाय दिसला तर दोन. पोरं कानात प्राण आणून ऐकत होती. 'प्रार्थना' म्हटलं की पाच हात झेपावत. सगळ्यात जास्त वेळा येणार तो शब्द 'येशू ख्रिस्त', हे मीही सांगितलं असतं. मी त्या वाडग्यात डोकावलो. आत गाजराचे तुकडे होते. सहा मुलं वाढवलेल्या बाईला कोणी धर्मशास्त्र शिकवू नये.

त्या शनिवारी नेमका विशेष प्रसंग होता. आधीचे अध्यक्ष जानेवारीत वारले होते आणि नव्या अध्यक्षांना सगळ्या अनुयायांनी हात वर करून मान्यता द्यायची होती. नवे अध्यक्ष रसेल नेल्सन, वय ९३, पूर्वाश्रमीचे हृदयशल्यविशारद.

"त्र्याण्णव? आणि उभ्याने बोलणार?" आईने विचारलं. मी हो म्हणालो. त्यानंतर ती सभेकडे लक्ष देऊन पाहू लागली.

मान्यतेची पद्धत अशी की एकेका गटाने उभं राहून उजवा हात वर करायचा. सभागृहात नसाल तर जिथे असाल तिथे. तेव्हा बुवा तंबूतून उठून उभे राहिले, पायजम्यात, चेहरा विलक्षण गंभीर. मग अठरा वर्षांवरच्या स्त्रियांची पाळी आली. बुवांची बायको उठली. तिच्या शेजारी, गुडघ्यावर हात देत, आई उठली आणि तिनेही हात वर केला.

"आई, तू नाही!" मी कुजबुजलो.

"का? अठराच्या वर आहे मी."

शेवटी सगळ्यांनी मिळून उठायचं होतं, तेव्हा ती पुन्हा उठली. मी आणि बायको मधल्या मध्ये अर्धवट उभे राहिलो, राष्ट्रगीत आहे की जाहिरात ते न कळल्यासारखे. दुपारी हिशेबतपासनिसाचा अहवाल वाचला गेला. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत या विषयावर दोनदा खुर्च्या उचलल्या गेल्या आहेत. इथे कोणी सूचक-अनुमोदकाचं नावसुद्धा विचारलं नाही. आईला हे जरा अळणी वाटलं.

संध्याकाळी फक्त पुरुषांचं सत्र होतं, त्यासाठी बुवा दोन मुलग्यांना घेऊन चर्चमध्ये गेले आणि येताना रिवाजाप्रमाणे आइस्क्रीम खाऊन आले. बायकांनी घरी राहून तेच आइस्क्रीम दोन तास आधी खाल्लं.

मधल्या वेळात बुवांना मी एक ऐतिहासिक भेट दिली. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी १८५० च्या दशकात मुंबईत आणि पुण्यात येऊन राहिला होता. बुवांना हे माहीत नव्हतं. किती लोक मिळाले त्याला? त्यांनी उत्सुकतेने विचारलं. फार नाही, मी म्हणालो. पुण्यात जाऊन आपलं म्हणणं कोणी ऐकून घेईल अशी आशा धरणं, यावरूनच त्या माणसाची श्रद्धा किती दांडगी होती ते कळतं. बुवांनी हे वहीत लिहून घेतलं. पुढे ते कुठेतरी सांगतील आणि तोवर फिंडलेने सहा अंडी खाल्लेली असतील.

रविवारी दुपारी तंबू खचला होता, वाडग्यांत फक्त गाजरं उरली होती, दोन मुलं झोपली होती आणि बुवाही. गाणी चालू असताना बुवांची बायको हळूच आईजवळ सरकली आणि टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, तो पण तिकडे आत्ता हेच बघत असेल. मी भाषांतर करायच्या आधीच आईने तिचा हात हातात घेतला होता. मग दोघी अगदी लक्षपूर्वक टीव्ही बघत राहिल्या, कॅमेरा फिरता फिरता चुकून आयडाहोला जाईल अशा.

सगळ्यात शेवटी अध्यक्ष उठले आणि नवी मंदिरं कुठे कुठे बांधणार त्या गावांची नावं वाचू लागले. घर खडबडून जागं झालं. एकूण सात ठिकाणं. दुसरंच नाव आलं: बेंगळुरू, भारत.

टीव्हीतल्या हजारो माणसांचा 'हा!' असा उद्गार ऐकू आला आणि इथे झोपलेल्यांसह सातही जणांनी आमच्याकडे वळून पाहिलं. मुलांनी आम्हाला मिठ्या मारल्या. अभिनंदन, अभिनंदन! मी सांगायला लागलो की आमचं गाव वेगळ्या राज्यात आहे, भाषाही वेगळी, मिरजेहून रात्रभराची गाडी... पण तेवढ्यात कागायान दे ओरोचं नाव आलं आणि बुवा हुंदके देऊन रडायला लागले. सहा फुटी माणूस, पायजम्यावर दालचिनीची साखर सांडलेली, सेबुआनोत काहीतरी बडबडत होता. कुत्रा लगेच जवळ गेला. मुलांपैकी कोणीही जिना चढलं नाही.

निघताना शिऱ्याचं पातेलं परत मिळालं. आत चार रोल. "रिकामं भांडं देत नाहीत, घराला वळण आहे," आई म्हणाली. घरी येऊन तिने साडी बदलली, पाणी प्यायली आणि माझा फोन मागितला. तिची मावसबहीण बेंगळुरूला जयनगरात राहते. मी म्हणालो, अगं तिकडे पहाटेचे साडेतीन वाजलेत. पण फोन लागला होता.

"उठलीस का घाबरून? काही झालं नाही. ऐक. तुमच्या गावात मोठं देऊळ होतंय," आई म्हणाली. "नाही, गणपतीचं नव्हे. ते तू नंतर विचार. हो, सगळं एकमताने. मी स्वतः हात वर केलाय. दोनदा."